साडेअकराचा फोन

आमच्या दारामागच्या खिळ्याला गाडीची किल्ली असते. तिला माहूरहून आणलेली रेणुकामातेची पितळी चकती आहे. मुलगा रात्री घरी आला की ती चकती भिंतीवर वाजते. तो आवाज ऐकला की त्याची आई कूस बदलते आणि मग तिला झोप लागते.

गेल्या आठवड्यात तो मित्राच्या भावाच्या लग्नाला कळंबला गेला होता. रात्री साडेअकराला फोन आला. "बाबा, मी गाडीनं नाही येऊन राहिलो. तुम्ही येता का घ्यायला?" मागे डीजे वाजत होता. मी "येतो" म्हटलं आणि शेजारच्यांची चारचाकी मागायला गेलो.

हा फोन यायला आमच्या घरी दोन वर्षं लागली.

त्याआधी घरात एकच नियम होता : आपल्याकडे दारू चालत नाही. माझ्या वडिलांनी तो मला सांगितला, मी तसाच पोराला सांगितला. दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या करीला तो संध्याकाळी गाडी घेऊन आला. शर्ट फाटलेला, कोपर सोललेलं. म्हणाला, घसरलो. आई ओल्या फडक्यानं कोपरात रुतलेली खडी एकेक करून काढत होती. तोंडाचा वास तिलाही येत होता आणि मलाही. आम्ही दोघंही रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोललो. त्याच दिवशी दुपारी मीही शेतावर साळ्यासोबत दोन ग्लास घेऊन गाडीनंच घरी आलो होतो. हे त्याला माहीत होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मला उमगलं ते हे, की आमच्या नियमानंच त्याला गाडीवर बसवलं होतं. फोन करून बोलावलं असतं तर प्यायल्याचं घरी कळलं असतं. गाडी हाणत गुपचूप आला तर कदाचित कोणालाच कळणार नाही. वीस वर्षांचं पोर यातलं काय निवडेल?

कायद्यानं पिणं आणि गाडी चालवणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. महाराष्ट्रात गाडीचं लायसन्स अठराव्या वर्षी मिळतं, सौम्य बिअर एकविसाव्या वर्षी आणि कडक दारू पंचविसाव्या. मधली सात वर्षं पोराच्या हातात किल्ली असते आणि पिण्याबद्दल त्याच्याशी घरात कोणी बोलत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोरानं गाडीनं गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड होऊ शकतो. अठरावा वाढदिवस झाला की पालकावरची ही जबाबदारी संपते. पुढे पोरगा प्यालेला सापडला, शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर दारू निघाली, तर पहिल्या वेळी दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, त्यालाच. घरानं मात्र अठराव्या वर्षी हात झटकू नयेत असं मला मनापासून वाटतं.

नुसत्या दारूबंदीनं काय होतं ते आपल्या यवतमाळ जिल्ह्याला शेजारातून कळलं आहे. पलीकडे वर्ध्यात बंदी, चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. त्या वर्षांत नदीपलीकडची माणसं प्यायला वणीत यायची आणि रात्री पुलावरून गाडीनंच परत जायची. यवतमाळच्या बायांनी दारूबंदीसाठी मोर्चे काढले, त्यांच्या दुःखापुढे मी हात जोडतो. पण प्यायलेला माणूस घरी कसा पोचतो हा प्रश्न बंदीनंतरही उरतोच.

आणि १९ मे २०२४ ची पुण्यातली कल्याणीनगरची ती रात्र. सतरा वर्षांचा मुलगा, कोट्यवधींची गाडी, रस्त्यावर मारले गेलेले दोन तरुण अभियंते. जामीन देताना त्याला लिहायला सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधावर सगळे चिडले, मीही चिडलो. मला मात्र अजून आठवत राहते ती त्याच्या हातात आलेली किल्ली.

करीच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला ओसरीत बसवलं. म्हटलं, तू पितोस हे मला पटत नाही आणि पटणारही नाही. त्यावर आपण भांडू, पण दिवसा. रात्री एकच गोष्ट. प्याला असशील तर किल्लीला हात लावायचा नाही, आणि जो प्याला त्याच्या मागेही बसायचं नाही. कुठूनही, कितीही वाजता फोन कर. मी येईन, आणि गाडीत एक शब्द बोलणार नाही. तो खाली बघत म्हणाला, "अन् तुम्ही?" मी म्हटलं, मलाही तेच. त्यानंतरच्या पोळ्याला मी शेतावरून चालत आलो, चार किलोमीटर.

कळंबहून येताना मी शब्द पाळला. तो खिडकीला डोकं टेकून झोपला होता.

लग्नाच्या दुसऱ्या सकाळी सहाच्या एसटीनं आम्ही दोघं त्याची गाडी आणायला गेलो. बसमध्ये भांडलो. कंडक्टरनं दोनदा वळून पाहिलं. कळंबला मंडपाजवळ गाडी दवानं ओली उभी होती. त्यानं रुमालानं सीट पुसली आणि किल्ली लावायला वाकला. मी हात पुढे केला. रात्रीची दारू सकाळपर्यंत सगळी उतरतेच असं नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. त्यानं काही न बोलता किल्ली माझ्या हातात दिली आणि हेल्मेट घालून मागे बसला.