कष्टांना दिलेलं श्रेय

रिओ ऑलिंपिकमध्ये 13 ऑगस्ट 2016 रोजी रोइंगमधल्या पुरुषांच्या सिंगल स्कल्सची, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या नौकेची, सुवर्णपदकाची शर्यत झाली. न्यूझीलंडचा माहे ड्रायस्डेल आणि क्रोएशियाचा दामिर मार्टिन या दोघांचीही वेळ 6 मिनिटं 41.34 सेकंद भरली आणि छायाचित्र तपासून ड्रायस्डेलला विजयी ठरवावं लागलं. त्याच दिवशी, त्याच तळ्यावर ‘सी’ गटाची अंतिम शर्यतही झाली. ती चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळने 6 मिनिटं 54.96 सेकंदांत जिंकली. या खेळात पदकाची आशा संपलेल्यांनाही खालच्या क्रमांकांसाठी शर्यत लावावीच लागते. त्यामुळे दत्तूचा 13वा क्रमांक कोणा परीक्षकाने दिलेला नव्हता. पाच जणांना मागे टाकून त्याने तो मिळवला होता. एकूण स्पर्धक 32 होते.

तेव्हापासून दत्तूची गोष्ट महाराष्ट्रात एकाच चालीवर सांगितली जाते. दुष्काळी गाव, वडिलांबरोबर विहिरी खोदणं, दगड फोडणं, वडिलांचा अकाली मृत्यू, पेट्रोल पंपावरचं काम, मग सैन्य आणि अखेर ऑलिंपिक. यातला तपशील खराच आहे. माझा आक्षेप आहे तो त्या तपशिलांमागून येणाऱ्या वाक्याला. ‘दगड फोडणारे हात वल्ही मारू लागले’, ‘कष्टांनीच त्याला घडवलं’ असं आपण सहज म्हणून जातो आणि ते ऐकणाऱ्याला बरंही वाटतं. हे वाक्य चुकीचं आहे आणि त्याने नुकसान होतं, असं मला ठामपणे वाटतं.

अंगमेहनतीने वल्हवण्याचं बळ येतं, ही समजूत फार जुनी आहे. तिचा सर्वांत कठोर वापर इंग्लंडमध्ये झाला. टेम्स नदीवरच्या हेन्ली रिगाटा या रोइंग स्पर्धेने 1879मध्ये हौशी खेळाडूची व्याख्या ठरवली आणि कारागीर, यंत्रकामगार व मजूर यांना स्पर्धेबाहेर ठेवलं. हाताने काम करून पोट भरणाऱ्याचं शरीर कामानेच तयार झालेलं असतं, सभ्य घरातल्या मुलांवर तो अन्याय होईल, असा युक्तिवाद त्यासाठी केला जाई. 1920 साली फिलाडेल्फियाच्या जॉन केलीचा डायमंड स्कल्स या तिथल्या सिंगल स्कल्सच्या शर्यतीसाठीचा अर्ज हेन्लीने नाकारला. केली गवंडीकाम केलेला होता. त्याच्या क्लबशी जुना वाद होता, हेही एक कारण होतं. त्याच वर्षी ऑलिंपिकमध्ये केलीने जॅक बेरेसफर्डला हरवून सुवर्णपदक घेतलं, आणि बेरेसफर्ड हा त्या साली डायमंड स्कल्स जिंकलेला माणूस होता. 1928 साली अ‍ॅमस्टरडॅमला सुवर्ण मिळवणारा ऑस्ट्रेलियाचा बॉबी पीअर्स सुतार होता, म्हणून त्यालाही हेन्लीचं दार बंद राहिलं. पुढे कॅनडात त्याने विक्रेत्याची नोकरी धरली आणि 1931मध्ये तोच माणूस डायमंड स्कल्स खेळला व जिंकला. त्याचे खांदे, पाठ, फुप्फुसं तीच होती. बदललं होतं ते फक्त पोटापाण्याचं साधन. मजुरांवरची ही बंदी 1937पर्यंत टिकली.

हेन्लीच्या लोकांनी श्रमाला गैरफायदा म्हटलं, आपण त्याला वरदान म्हणतो. सूर उलटा असला तरी दोन्हीकडे गृहीतक एकच आहे: गरीब माणसाला त्याचं कामच तालीम देतं.

तसं होत नाही. सिंगल स्कलची नौका साधारण सव्वाआठ मीटर लांब असते, रुंदी माणसाच्या कमरेएवढी, आणि नियमानुसार तिचं किमान वजन अवघं 14 किलो. दोन्ही हातांत एकेक वल्हं. बैठक चाकांवर पुढे-मागे सरकते. त्यामुळे जोराचा मोठा वाटा पायांचा असतो. मग पाठ आणि सगळ्यात शेवटी हात. मिनिटाला तीस-पस्तीस स्ट्रोक धरले तर 2,000 मीटरला सव्वादोनशेच्या आसपास स्ट्रोक लागतात आणि प्रत्येक स्ट्रोकला दोन्ही पाती एकाच क्षणी पाण्यात शिरून एकाच क्षणी बाहेर यावी लागतात. एक पातं जरा खोल गेलं की नौका कलते आणि वेग मरतो. कुदळीने किंवा घणाने हे शिकवता येत नाही. हे पाण्यावर हजारो किलोमीटर वल्हवूनच अंगात मुरतं.

याहून मोठा फरक मला दमण्याच्या रीतीत दिसतो. विहीर खोदणारा माणूस आपलं बळ राखून वापरतो, कारण उद्या सकाळी पुन्हा खाली उतरायचं असतं. आज जीव तोडून काम केलं आणि उद्या अंथरूण धरलं, तर उद्याची मजुरी बुडते. शरीर जपून, बेतून खर्च करणं हे मजुराचं खरं कौशल्य आहे आणि ते हलकं नाही. सिंगल स्कल्स नेमकं याच्या उलट मागते. सात मिनिटांत स्वतःला संपवायचं, पाय पेटलेले असताना शेवटच्या 500 मीटरला गती वाढवायची, काहीही शिल्लक ठेवायचं नाही. असं संपून जाणं त्यालाच परवडतं, ज्याच्या उद्याच्या जेवणाची, पगाराची, औषधपाण्याची जबाबदारी दुसऱ्या कोणीतरी घेतली आहे.

दत्तूच्या बाबतीत ती सैन्याने घेतली. 2012मध्ये तो भरती झाला, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये आला, त्याची उंची पाहून त्याला रोइंगकडे वळवण्यात आलं आणि पुण्यातल्या सीएमई या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या पाण्यावर तो शिकला. पाण्याची भीती असलेला हा तरुण चार वर्षांत ऑलिंपिकला पोचला. एप्रिल 2016मध्ये दक्षिण कोरियातल्या चुंग्जूच्या पात्रता स्पर्धेत त्याने रौप्य मिळवलं, तेव्हा अपघातानंतर आई गंभीर आजारी होती. या चार वर्षांत त्याला रोजचा पुरेसा आहार मिळाला, नौका मिळाली, प्रशिक्षक मिळाले, विश्रांती मिळाली. कर्तृत्व त्याचंच आहे, आणि ते दिसू शकलं ते या गोष्टींमुळे. 2018च्या आशियाई स्पर्धेत आजारपणामुळे सिंगल स्कल्सची अंतिम शर्यत त्याच्या हातून गेली, तो शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी सवर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत चौघांच्या नौकेत त्याने सुवर्ण जिंकलं. आजारी माणसाला एका दिवसात पुन्हा उभं राहता येतं, कारण त्याच्याभोवती सांभाळणारी माणसं असतात. विहिरीच्या तळाशी हा दुसरा दिवस मिळत नाही.

जर्मनीच्या ओलिव्हर झाइडलरची गोष्ट याच्याशेजारी ठेवून पाहावी. तो मूळचा जलतरणपटू. 2016मध्ये रोइंगकडे वळला, 2019मध्ये जगज्जेता झाला आणि 2024मध्ये पॅरिसला सुवर्णपदक विजेता. त्याचे आजोबा 1972चे ऑलिंपिक विजेते आणि वडील त्याचे प्रशिक्षक. त्याच्या यशाचं कारण कोणी शोधत बसत नाही. घर, पाणी, वेळ, शिक्षण हे सगळं उघड दिसतं. दत्तूच्या यशाचं कारण सांगताना मात्र आपण जे त्याला मिळालं ते वगळतो आणि जे त्याला सोसावं लागलं तेच पुढे करतो.

सिंगल स्कल्समध्ये भारताचं नाव करणारे बघा. 2010च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवणारा बजरंगलाल ताखर, 2012च्या लंडन ऑलिंपिकचा सवर्ण सिंग, रिओचा दत्तू, पॅरिसला 23वा आलेला बलराज पंवार, हे सगळे सैन्यातले. म्हणजे या खेळाकडे जाणारी वाट आपल्याकडे जवळजवळ एकच आहे आणि ती भरतीच्या मैदानातून जाते. पुण्यात मुळेच्या काठी बोट क्लब आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालयाची रिगाटाची परंपरा तर खूप जुनी आणि अभिमानाची आहे. पण चांदवडच्या मुलाला त्या घाटावर उतरायला आधी त्या महाविद्यालयात प्रवेश किंवा क्लबचं सभासदत्व हवं. भरतीत न निवडल्या गेलेल्या, किंवा भरतीचा विचारही न करू शकलेल्या उंच, काटक मुलामुलींची गणती कोणी केलेली नाही. तेही दगड फोडत होते, विहिरी खोदत होते. कष्टांनीच ऑलिंपिकपटू घडत असते, तर नाशिक आणि नगर जिल्ह्यांनी आजवर पदकांची रास लावली असती.

देशात सर्वाधिक मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत. रोइंगला दोन किलोमीटर सरळ, संथ पाणी लागतं आणि पावसाळ्यानंतर उन्हाळा चढेपर्यंत ते आपल्या कितीतरी जलाशयांत उभं असतं. नाशिक जिल्ह्यातच गंगापूर आहे, गिरणा आहे; गिरणा तर चांदवडच्या शेजारच्या नांदगाव तालुक्यात. तिथे शाळकरी मुलांसाठी चार शिकाऊ नौका, जीवरक्षक जॅकेटं, एक पगारी प्रशिक्षक आणि सरावानंतर पोटभर खाणं, एवढी सोय एका जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या आवाक्याबाहेरची नसावी. दत्तूच्या नावाने सत्काराचे कार्यक्रम होतात, तेव्हा व्यासपीठावरून ही मागणी निदान एकदा तरी व्हायला हवी.