बारदानाचं वजन

सांगलीच्या मार्केट यार्डात एक तोलणार होता. हळदीचं पोतं काट्यावर चढलं की आधी बारदानाचं, म्हणजे रिकाम्या पोत्याचं, वजन वजा करायचं आणि मगच आकडा बोलायचा, ही त्याची शिस्त. त्याचा पुतण्या कॉलेजकडून लांब उडी मारायचा. एके दिवशी पोरगं घरी येऊन म्हणालं, "काका, सर म्हणतात वेटलिफ्टिंगमधले स्नॅच आणि क्लीन शिकून घे, उडी वाढेल. तालमीतल्या वस्तादांकडं जाऊ का?"

आईनं ऐकताक्षणी नको म्हटलं. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्याच संकेत सरगरला या घरानं टीव्हीवर पाहिलं होतं. ५५ किलो गटात स्नॅचला ११३ किलो उचलून तो आघाडीवर होता. क्लीन अँड जर्कला १३५ उचलले, आणि १३९ ला उजवं कोपर गेलं. एकूण २४८ किलोंवर रौप्यपदक आलं, सुवर्ण एका किलोनं हुकलं. "एवढ्या कसलेल्या गड्याच्या हाताचं असं होतं, मग आपल्या पोराचं काय?" आईचा प्रश्न रास्त होता. तोलणार पुतण्याला घेऊन वस्तादांकडं गेला आणि तोच प्रश्न त्यानं त्यांच्यापुढं ठेवला.

वस्ताद म्हणाले, "फायदा खरा आहे. उडी मारताना घोटा, गुडघा आणि कंबर एकदम सरळ होतात ना, बार ओढताना तेच होतं, फक्त हातात लोखंड असतं. बैठकांनी ताकद येते, पण ती झटक्यात बाहेर काढायची सवय यानं लागते. हाडंही घट्ट होतात."

"आणि तोटा?"

"खांदा, मनगट, गुडघा, कंबर. दुखतं ते इथंच. नियमानं शिकलेल्या लिफ्टरांना हजार तासांच्या सरावात साधारण दोन-तीन दुखापती होतात. फुटबॉलच्या सामन्यात याहून कितीतरी जास्त होतात. पण हा हिशेब शिकलेल्यांचा, आणि ज्यांच्यावर कुणाची तरी नजर असते त्यांचा."

तोलणार थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे हे भरलेल्या पोत्याचं वजन झालं, वस्ताद. बारदान किती?"

वस्तादांना प्रश्न फार आवडला. कोपऱ्यातला रिकामा बार त्यांनी पोराच्या हातात दिला. "एकही प्लेट न लावता हाच वीस किलोंचा आहे. नवखी पोरं प्लेटा मोजतात आणि बार विसरतात. दुसरं बारदान म्हणजे वेळ. आधी काही महिने लाकडी काठी, मग रिकामा बार. तुझी स्पर्धा कधी आहे रे?"

"दोन महिन्यांनी."

"मग आत्ता स्नॅच शिकायची नाही."

पोराचं तोंड उतरलं. वस्तादांनी त्याला जवळ बसवून समजावलं. संकेत १३९ ला गेला तो सुवर्णासाठी. ज्याला पदक आणायचं असतं त्याला आपल्या शक्तीच्या टोकापर्यंत जावंच लागतं, आणि टोकावर धोका असतोच. तुला पदक उडीत हवं. तुझ्या कामाचा बहुतेक फायदा बार जोरात कमरेपर्यंत ओढण्यातच आहे, डोक्यावर झेलायची तुला आज गरज नाही. ओढ, बैठका आणि उड्या, सध्या एवढंच. दुसऱ्याला जे मिळवायचं आहे, त्याची किंमत आपण का मोजावी?

मला या कथेतलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. हल्ली मोबाइलवर व्हिडिओ बघून, शेजारी शिकवणारं कुणी नसताना, दम लागलेला असताना घड्याळ लावून भराभर स्नॅच मारणारी पोरं दिसतात. दमल्यावर पाठ वाकते, बार अंगापासून लांब जातो, आणि मग नाव व्यायामाचं खराब होतं.

स्पर्धा झाली. पोरगं पुन्हा तालमीत आलं आणि काठी हाती आली. काठी सरळ चालायला लागल्यावर वस्तादांनी आधी शिकवलं ते बार सोडणं. हात रुंद धरून बार डोक्यावर, खाली पूर्ण बैठक. बार मागं कलला की धरून ठेवायचा नाही. पंजे उघडायचे, पाय पुढं टाकायचे, रबरी प्लेटा पाठीमागं आदळू द्यायच्या. बार पुढं कलला तर उलट, त्याला पुढं ढकलून आपण मागं सरायचं. पोरगं पहिल्यांदा लाजत होतं. पाडायचं म्हणजे हरल्यासारखं वाटायचं त्याला. वस्तादांनी लाज मोडेपर्यंत पाडायला लावलं.

हे बघून तोलणारालाही हुरूप आला. त्यानं काठी डोक्यावर धरून बैठक मारली. टाचा उचलल्या, हात पुढं आले, उजवा खांदा कुरकुरला. वस्ताद काही बोलायच्या आत त्यानंच काठी भिंतीला टेकवली. "मला उडी मारायची नाही. जिना चढताना गुडघा दुखू नये, एवढंच हवं आहे." वस्तादांनी त्याला वाळूची लहान पिशवी छातीशी धरून खुर्चीपर्यंत बैठका मारायला सांगितल्या. तो आठवड्यातून तीनदा येऊ लागला.

पावसाळा संपता संपता एका संध्याकाळी पोराला अंगात जोर वाटला. त्यानं कुणाला न विचारता दोन्ही बाजूंना पाच-पाच किलो वाढवले. बार वर गेला, खाली बसताना मागं कलला. पंजे उघडले, पाय पुढं पडले, प्लेटा धाडकन मागं आपटल्या. तालमीतलं कुणी हसलं नाही. वस्तादांनी वाढवलेल्या प्लेटा त्यालाच काढायला लावल्या, आधीच्या वजनावर तीन नीट लिफ्ट करून घेतल्या आणि त्याला घरी पाठवलं.

आईनं ताट वाढता वाढता विचारलं, "आज काय झालं?"

"जड झालं. सोडून दिलं."

"बरं केलंस. भाकरी घे."