तिऱ्हाईत

बांधावरून दोन भावांत तंटा लागावा आणि वाटेने जाणाऱ्याने मध्ये तोंड घालावे, तर आमच्या वऱ्हाडात त्याला पहिला प्रश्न येतो, ‘तुझा काय संबंध?’ प्रश्न उर्मट असला तरी त्यामागे शहाणपण आहे. ज्याचे काही जायचे नाही, त्याने निवाड्यात लुडबूड करू नये. न्यायालयेही फार काळ हेच विचारीत आली : तुमचे स्वतःचे काय नुकसान झाले ते सांगा, मग बोला.

परंतु हा प्रश्न झालेल्या नुकसानीपुरता ठीक आहे. व्हायच्या नुकसानीचे काय? मंगळूरच्या विमानतळाची दुसरी धावपट्टी टेकडीच्या माथ्यावर करण्याचे ठरले, तेव्हा १९९७ साली तेथील रहिवाशांची समिती कर्नाटक उच्च न्यायालयात गेली. पट्टीच्या टोकाशी खोल उतार आहे, विमान चुकले तर सावरायला जागा नाही, असे तिचे म्हणणे होते. ते टिकले नाही. २००३ साली सर्वोच्च न्यायालयातही अपयशच आले. धावपट्टी झाली. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले विमान त्याच पट्टीवरून पुढे घसरून दरीत कोसळले. १६६ पैकी १५८ माणसे गेली.

१९९७ साली या १५८ जणांना साक्षीला कोण बोलावू शकले असते? त्यांतली काही बालके तर जन्मलीही नव्हती. ज्यांचा खरा संबंध, त्यांनाच तो ठाऊक नव्हता. त्यांचे वकीलपत्र तिऱ्हाइताखेरीज कोण घेणार? आमच्या जिल्ह्यातल्या लोणार सरोवरासाठीही माणसे नागपूर खंडपीठापुढे गेली, ती याच नात्याने. सरोवराला तोंड नाही; उद्याच्या मृतांनाही नाही.

यावर जाणते म्हणतील, विमानविद्या तिऱ्हाइताला काय कळते? आक्षेप खरा आहे. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाने अपघाताचे थेट कारण धावपट्टीत नव्हे, तर मुख्य वैमानिकाने चुकीचे उतरणे सोडून दिले नाही यात शोधले. तेव्हा समितीचे भाकीत तंतोतंत खरे ठरले, असे म्हणता यायचे नाही. पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. सहवैमानिकाने उतरणे सोडून पुन्हा वर जाण्यास तीनदा सांगितले होते. तो तर तिऱ्हाईत नव्हता, अडाणीही नव्हता. शेजारच्याच आसनावर बसलेला होता. तरी त्याचे ऐकले गेले नाही. म्हणजे संबंध आणि विद्या दोन्ही असूनही माणसाचा शब्द वाया जाऊ शकतो. उणीव असते ती ऐकणाऱ्यापाशी.

मग तिऱ्हाइताने मर्यादा कोणती पाळावी? मुंबई विमानतळाभोवतीच्या उंच इमारतींविरुद्ध एका वकिलाने जनहित याचिका केली. जुलै २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ४८ इमारतींचे मर्यादेबाहेरचे भाग हटविण्याबाबत जिल्हाधिकाऱ्यांना सांगितले. येथे काही नवी विद्या लागली नाही. विमान वाहतूक महासंचालनालयाचे आदेश आधीचेच होते. ते अमलात का येत नाहीत, एवढाच प्रश्न होता.

मला वाटते, मर्यादा हीच. तिऱ्हाइताने विमान कसे उतरवावे हे शिकवू नये. नियम कोणता, तो पाळला काय आणि नसेल तर का, याचे उत्तर मागावे. त्याचा संशय चुकीचा ठरेल, तर तो त्याने मुकाट्याने मान्य करावा. परंतु उत्तर देण्याऐवजी ‘तुझा काय संबंध?’ असे विचारण्याचा हक्क मात्र कोणाला असू नये. ज्या आकाशाखाली आपण सारे राहतो, त्याच्या बाबतीत निव्वळ तिऱ्हाईत असा कोण आहे?