ओल केव्हा येते?

निवांत बसा. हातातलं काम बाजूला ठेवा आणि एक भिंत डोळ्यांसमोर आणा. तंजावुरात, राजवाड्याच्या आसपास ज्या चार राजवीथी आहेत, त्यांपैकी एखादीवरचं जुनं मराठी घर. भिंत विटांची आणि चुन्याची, हातभर जाड. पलीकडे पूर्वी कोठीची खोली होती, मागच्या पिढीत तिची न्हाणी झाली. टाइल बसल्या, नळ भिंतीत गेले, शॉवर आला. अलीकडे, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, एक डाग.

डागाकडे पाहा. मध्ये रंग काळपट आहे आणि कडेला पांढुरकी रेघ आहे. हा लोणा. पाणी विटांमधून येताना क्षार विरघळवून आणतं, भिंतीच्या तोंडाशी पोचून उडून जातं आणि क्षार तिथेच राहतात. त्यांचे स्फटिक वाढतात, आतून गिलाव्याला रेटतात. नख लावलं तर खपली सुटते आणि तिच्याखाली पिठासारखा चुना बोटाला लागतो. आता रेघा मोजा. एकच असेल तर पाणी एकसारखं येत आहे. एकीबाहेर दुसरी, दुसरीबाहेर तिसरी अशा असतील, तर पाणी येतं, थांबतं, भिंत सुकते आणि पाणी पुन्हा येतं.

इथे थोडं थांबा. आपल्या मनात पहिला प्रश्न उठतो तो ‘कुठून येतं?’ हा. माझं म्हणणं असं की तो प्रश्न अजून बाजूला ठेवा. पाणी फुटतं एकीकडे आणि दिसतं दुसरीकडे. नळाच्या बाहेरच्या अंगावरून ते वाहत जातं, टाइलखालच्या वाळूतून उतारानं सरकतं, विटांच्या सांध्यातून खाली झिरपतं आणि जिथे अडतं तिथे बाहेर येतं. डाग आहे तिथेच फोडायला घेतलं तर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी अशी गत होते. तंजावूरहून रामेश्वर तसं जवळ आहे, पण म्हणून बंब तिकडे नेण्यात अर्थ नाही. विचारायचा प्रश्न दुसरा आहे: ओल केव्हा येते?

हा प्रश्न घेऊन आधी वर्षाकडे पाहा. तंजावुरात मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मान्सूनचा. डाग फक्त त्या महिन्यांत वाढत असेल आणि एप्रिल-मेच्या उन्हात भिंत खडखडीत कोरडी होत असेल, तर न्हाणीला दोष देऊ नका, गच्चीकडे चला. जुन्या घरांवर मद्रास टेरेस असते: लाकडी तुळयांवर उभ्या विटा, वर विटांच्या चुऱ्याचा चुनकाँक्रीट थर. तिचे सांधे सुटले की पाणी भिंतीच्या पोटातून थेट खालपर्यंत उतरतं. आणखी एक शक्यता या गावाचीच आहे. मेट्टूर धरणाचं पाणी कावेरीच्या खोऱ्यासाठी रूढीनं 12 जूनला सोडतात आणि कल्लणै बंधाऱ्याहून निघालेला मोठा कालवा तंजावूर शहरातून जातो. कालवे भरले की जमिनीतलं पाणी वर चढू शकतं. ओल जोत्यापासून सारख्या उंचीनं, सगळ्या भिंतीला लागून असेल तर ती पायाची असू शकते. पण भर मे महिन्यात, पाऊस नाही, कालवा कोरडा, आणि तरी डाग ओला असेल, तर पाणी घरातलंच आहे.

आता दिवसाकडे या. रात्री सगळे झोपल्यावर घरातला एकेक नळ बंद करा. संडासाची टाकी भरू द्या आणि तिचाही कॉक बंद करा. गच्चीवरच्या टाकीत पाणी येणारी वाट बंद करून पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीनं खूण करा. मीटर असेल तर त्याचा आकडा लिहून ठेवा. पहाटे, कोणी पाणी वापरायच्या आधी, पुन्हा पाहा. पातळी उतरली असेल तर दाबाखालच्या नळात गळती आहे. तो नळ सदासर्वकाळ भरलेला असतो, म्हणून गळतीही सदासर्वकाळ चालते. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला सुमारे चार लिटर. ऐकायला थोडं वाटतं, पण चुन्याच्या भिंतीला रोज चार लिटर पाजले तर तिचं काय होईल याचा विचार करा.

पातळी जशीच्या तशी राहिली तर मनावरचा भार थोडा उतरू द्या. भरलेला नळ शाबूत आहे. पाणी फक्त वापराच्या वेळी निघतं, आणि आता वापराचे तुकडे पाडायचे.

हे काम एका दिवसात उरकायचं नाही. प्रत्येक तपासणीच्या आधी न्हाणी बंद ठेवून भिंत सुकू द्यावी लागते, नाहीतर कालचं पाणी आजच्या पाण्यात मिसळतं आणि काहीच कळत नाही. पहिल्या वेळी फक्त बादलीनं पाणी घ्या आणि ते अलगद, थेट नहाणी ट्रॅपच्या जाळीत ओता. भिंतीवर शिंतोडा नको, फरशीवर पसरायला नको. डाग ओलावला तर सांडपाण्याचा नळ किंवा ट्रॅपचा सांधा दोषी. नाही ओलावला, तर पुढच्या वेळी जाळीवर ओला फडका घट्ट बसवून फरशीवर दोन बोटं पाणी साठवा आणि दिवसभर तसंच ठेवा. आता डाग दिसला तर फरशीखालचा कोबा किंवा वॉटरप्रूफिंग गेलं आहे. तरीही भिंत कोरडी असेल तर शॉवरचं तोंड काढून तिथे बूच घट्ट बसवा आणि व्हॉल्व्ह उघडा. व्हॉल्व्हपासून शॉवरच्या तोंडापर्यंतचा उभा नळ एरवी रिकामा असतो. त्यात दाब येतो तो अंघोळीच्या वेळी, तेवढाच. रात्रीच्या खुणेत तो कधीच सापडत नाही, आणि पुष्कळदा चोर तिथेच दडलेला असतो. हाही नळ शाबूत निघाला तर शेवटी तांब्यानं भिंतीच्या टाइलवर पाणी सोडा, वरून खाली, एकेक पट्टा. सांध्यातलं ग्राउट झिजलं असेल तर आता कळेल.

टब असेल तर एक गोष्ट वेगळी. टब वरच्या भोकाच्या खालपर्यंत भरा आणि थांबा. मग त्या भोकातून पाणी वाहू द्या आणि थांबा. तळाच्या आणि वरच्या भोकाचे वायसर वेगळे, म्हणून दोन्ही तपासण्या वेगळ्या. टब आणि भिंत यांच्या फटीत सिलिकॉन भरायचं असेल तर आधी टब पाण्यानं भरा. भरलेला टब वजनानं किंचित खाली बसतो आणि फट रुंदावते. रिकाम्या टबाला लावलेलं सिलिकॉन पहिल्याच भरगच्च अंघोळीला ताणलं जातं आणि सुटतं.

तंजावुरात समर्थ संप्रदायाचे मठ सतराव्या शतकात उभे राहिले. श्रवण आधी, मनन त्यानंतर, हा क्रम त्या परंपरेत पक्का आहे. भिंतीच्या बाबतीतही आधी तिचं ऐकून घ्यावं लागतं. आपण ओतलेलं पाणी आणि तिने दिलेलं उत्तर यांच्यामध्ये काही तास जातात, कधी पूर्ण दिवस. तो वेळ रिकामा नाही, त्याच वेळात पाणी वाट चालत असतं. घाईनं पुढची बादली ओतली की उत्तर कोणत्या प्रश्नाचं, हेच कळेनासं होतं. प्रत्येक वेळी दोन गोष्टी वहीत लिहा: पाणी केव्हा सोडलं, ओल केव्हा आली.

मग छिन्नी हातात घ्यायची. किंवा गवंड्याच्या हातात द्यायची. इथले लोक त्याला कोत्तनार म्हणतात. समजा, उत्तर उभ्या नळाचं आलं. व्हॉल्व्हच्या वरची एकच टाइल सांध्याच्या रेषेत कापून काढा. मागची वाळू काळी, गार, मुठीत दाबली तर गोळा होणारी. ती हळूहळू उकरा. जुन्या लोखंडी नळाचं कोपर दिसेल. त्याच्या आट्यांपाशी तांबडी गंजाची साय, तिच्यावर क्षाराचा पांढरा बारीक दाणा. ते पुसून कोरडं करा, टिश्यू पेपरची पट्टी सांध्याभोवती गुंडाळा आणि व्हॉल्व्ह उघडा. कागदावर आधी एक ठिपका उमटतो, मग तो आट्यांच्या रेषेनं वाकडा पसरतो. सगळ्या शोधात हा क्षण मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण इथे अंदाज संपतो. आता कोपर बदलायचं. नळ सगळीकडेच गंजलेला असेल तर सीपीव्हीसीचा नवा टाकायचा, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून. आणि टाइल लगेच बसवायची नाही. आधी हातपंपानं दाब देऊन पाहायचं, खड्डा उघडा ठेवून काही दिवस वापर करायचा. कागद कोरडा राहिला तरच बुजवायचं.

उरली अलीकडची भिंत. घाईचा मोह सर्वांत जास्त इथे होतो. सिमेंटचा हात मारा, वर वॉटरप्रूफ रंग लावा, झालं! असं करू नका. चुन्याची भिंत श्वास घेते. आतली ओल ती बाहेर सोडते. तिच्या तोंडावर सिमेंट थापलं तर ओल आत कोंडते, आणखी वर चढते आणि वर्षा-दोन वर्षांत डाग कमरेला येतो. सैल गिलावा खरवडून काढा, क्षार कोरड्या ब्रशनं झाडा, भिंत पूर्ण सुकू द्या. जाड भिंतीला यासाठी महिने लागतात, लागू द्या. मग चुन्याचाच गिलावा करा. या भागातले जुने कारागीर चुन्यात हिरड्याचं आणि गुळाचं पाणी घालत आले आहेत, आणि ते कसब असलेले हात अजून मिळतात.

आता त्या घरातून बाहेर या आणि राजवाड्याकडे पाहा. नायकांनी तो उभारला, 1676 च्या सुमारास व्यंकोजीराजांपासून मराठ्यांचा झाला. मराठा दरबार हॉलचे रंगीत खांब चुन्यावरच उभे आहेत. शेजारी सरस्वती महाल आहे, ताडपत्रं आणि पोथ्या सांभाळणारा, 1918 पासून सर्वांना खुला. ओलीचं भय या दोन्ही जागांना आपल्या घरापेक्षा कितीतरी अधिक आहे. याच गावात जमिनीखालून पाणी नेण्याची जुनी विद्याही होती: सेवप्पा नायकाच्या नावाचा सेवप्पनेरी तलाव, त्याच्याशी जोडलेला शिवगंगा तलाव, तिथून अय्यनकुळमपर्यंत गेलेली भूमिगत वाट. मराठा राजे दुसरे सरफोजी यांच्या नावावर तळी, विहिरी आणि शहराची भूमिगत गटारं जमा आहेत. अय्यनकुळमच्या त्या भूमिगत वाटेवर पुढे रस्ते आणि घरं आली आणि ती विस्मरणात गेली. तळ्याच्या दुरुस्तीच्या कामात अलीकडे पुन्हा सापडली. शहराची पाण्याची वाट हरवू शकते, तर आपल्या न्हाणीतल्या बोटभर नळाचं काय?

सरस्वती महालात तंजावूर दरबाराची मोडी कागदपत्रं गठ्ठ्या-गठ्ठ्यांनी जपलेली आहेत. खर्चाच्या बारीकसारीक नोंदी त्यांत सापडतात. आपल्या भिंतीतल्या नळाची मात्र एका ओळीचीही नोंद आपण ठेवत नाही. म्हणून एवढं करा. पुढच्या वेळी न्हाणीचं काम काढाल तेव्हा टाइल बसण्याआधी उघड्या भिंतीचा फोटो काढा, फरशीपासून आणि कोपऱ्यापासून प्रत्येक नळाचं अंतर टेपनं मोजून लिहा, व्हॉल्व्हपाशी उघडता येणारं झाकण ठेवायला गवंड्याला सांगा, आणि तो कागद घराच्या खरेदीखताबरोबर ठेवा.