उसने की बक्षीस?

बाबांनी मला आजवर जे पैसे दिले ते बक्षीस होते, उसने होते की माझा वाटा होता, हे आम्ही कधीच ठरवलं नव्हतं. पुण्यातल्या हॉस्टेलची फी, लग्नाचा खर्च, इंग्लंडला येतानाचं तिकीट, सगळं त्यांच्या "असू दे गं" मध्ये मावायचं. २०२५च्या एप्रिलमध्ये मात्र त्यांनी फोनवर सत्तावीस लाख रुपये देऊ केले, आणि हे पैसे नेमके काय आहेत याचं उत्तर पहिल्यांदाच लेखी द्यावं लागणार होतं. खाली सही करून.

पैसे कशासाठी? तर मला माझ्या नवऱ्याजवळ राहता यावं म्हणून.

नवरा मूळचा साताऱ्याचा. शिकायला इंग्लंडला आला, नोकरी लागली, पुढे ब्रिटिश नागरिक झाला. मी २०२३च्या फेब्रुवारीत स्पाउस व्हिसावर लेस्टरला आले. हा व्हिसा तेहतीस महिन्यांचा असतो. तो संपायच्या आत मुदतवाढ घ्यायची, ती तीस महिन्यांची. अशी पाच वर्षं झाली की कायम राहण्याचा अर्ज करता येतो. दर टप्प्यावर दाखवायचं असतं की तुमचं लग्न खरं आहे, इंग्रजी येतं आणि घरात पुरेसा पैसा येतो.

'पुरेसा' म्हणजे किती, हे २०१२च्या जुलैत ठरलं: वर्षाला १८,६०० पौंड. ११ एप्रिल २०२४पासून नव्याने येणाऱ्यांसाठी हा आकडा २९,००० झाला. आम्ही त्याआधी या वाटेला लागलेलो, म्हणून आम्हाला जुना आकडा. नवीन आकड्याचं वजन समजायला एक हिशोब पुरतो. तो लागू झाला तेव्हा इथलं किमान वेतन ताशी ११.४४ पौंड होतं. आठवड्याला चाळीस तास, वर्षाचे बावन्न आठवडे काम केलं तरी २३,८०० सुद्धा होत नाहीत. म्हणजे कायद्याने पूर्णवेळ कामाची जी सर्वांत कमी किंमत ठरवली, तेवढ्यावर जगणाऱ्या माणसाला परदेशातल्या बायकोला इथे आणता येत नाही.

आमचं जुन्या आकड्यावर निभावत होतं. मग मार्चमध्ये नवऱ्याची कंपनी बंद पडली. मुलगी तेव्हा महिन्याची. मुदतवाढीच्या वेळी माझीही इथली कमाई धरतात, पण माझी कंत्राटी नोकरी बाळंतपणाआधीच संपली होती आणि पाळणाघराची फी मला मिळू शकणाऱ्या पगाराएवढीच होती. तीन आठवड्यांत नवऱ्याला गावाबाहेरच्या एका गोदामात काम मिळालं. पगार तासावर, तास ठरलेले नाहीत. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये शिफ्ट येते, पहिला बोट लावेल त्याची. ताशी १२.२१ पौंड.

त्या रात्री आम्ही फोनवरच हिशोब केला. १८,६०० भागिले १२.२१. वर्षाला १,५२३ तास, आठवड्याला साडेएकोणतीसच्या आत-बाहेर. आणि हे सलग सहा महिने दाखवायचं, पगारपत्रक आणि बँकेचा उतारा, दोन्हींतला आकडा जुळला पाहिजे. सुरुवातीच्या आठवड्यांत त्याला चोवीस तासच मिळत होते. त्या दराने वर्षाचे १५,२३८ पौंड. तूट ३,३६२ पौंडांची.

तूट बचतीतून भरता येते, पण त्याचं सूत्र ऐका. तुटीची अडीचपट करायची, त्यात १६,००० मिळवायचे. आमचे झाले २४,४०५ पौंड, तेव्हाच्या दराने सत्तावीस लाखांच्या आसपास. ही रक्कम अर्जाआधी सहा महिने खात्यात हवी. व्हिसा नोव्हेंबरात संपणार होता. म्हणजे पैसे आणायचे तर पुढच्या आठवडाभरात, पुढे किती तास मिळणार हे कळायच्या आत.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. फंड, ग्रॅच्युइटी आणि विकलेल्या प्लॉटचे पैसे मिळून तेवढे होते. ते म्हणाले, "सहा महिने तुझ्या खात्यात ठेव. काम झालं की पाठव परत. इथे तरी बँकेतच पडलेत."

नियम इथेच आडवा येतो. बचत कुणी दिलेली चालते, पण ती बक्षीस हवी. उसनी चालत नाही. पैसे खरोखर आमचे, आमच्या ताब्यातले हवेत, आणि ते कुठून आले हे सांगावं लागतं. बाबांनी लिहून द्यायचं की मी हे मुलीला दिलेत, परत घेणार नाही.

"देतो की लिहून," बाबा म्हणाले. "असंही ते तुझंच आहे."

हे खोटं होतं का? मी बरेच दिवस यावर अडकले होते. आपल्याकडे पैशासाठी किती शब्द आहेत. हातउसने असतात, आहेर असतो, वाटा असतो, 'राहू दे तुझ्याकडे' असतं. आईबापांचा पैसा यातल्या एकाच कप्प्यात कधी बसत नाही. मुलीला दिलेला पैसा तिच्या अडचणीत तिचा असतो आणि आईच्या आजारपणात पुन्हा आईचा होतो. आपण त्याला व्यवहार म्हणतच नाही. फॉर्मवर मात्र दोनच चौकोन. म्हणजे 'असंही तुझंच आहे' हे वाक्य आमच्या घरात खरं आणि फॉर्मवर खोटं.

हे मी स्वतःला छान पटवून दिलं, आणि मग मला धर्मराज आठवला. अश्वत्थामा मेला, हे त्याने म्हटलं तेव्हा त्या नावाचा हत्ती खरंच मेलेला होता. वाक्यात चूक काढता आली नसती. तरी जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला, असं महाभारत सांगतं. खोटेपणा शब्दांत नव्हता. समोरच्या द्रोणाचार्यांनी त्यातून काय समजावं अशी त्याची इच्छा होती, त्यात होता. माझंही तसंच होतं. घरात आम्ही त्या शब्दाचा अर्थ काय करतो, हा प्रश्नच नव्हता. फॉर्म वाचणाऱ्या अधिकाऱ्याला काय वाटावं म्हणून मी तो वापरणार होते, हा प्रश्न होता.

यावर मैत्रिणीचं उत्तर तयार होतं: नियमच अन्यायाचा, तर त्याच्याशी खरं बोलायचं कर्ज तुझ्यावर कुठून आलं?

म्हणून आधी तेच बघावं लागतं. नियम अन्यायाचा आहे का?

ब्रिटनने आपल्याकडच्या जोडप्यांची परीक्षा याआधी वेगळ्या पद्धतींनीही घेतली आहे. १९७९मध्ये लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर कौमार्य तपासणी झाली. तिचं लग्न अजून व्हायचं आहे हे खरं की नाही, हे तिच्या शरीरावरून ठरवायला निघाले होते. बातमी फुटल्यावर ती प्रथा बंद करावी लागली. त्यानंतरच्या काळात 'प्रायमरी पर्पज' नावाचा नियम होता. लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणं हा नाही, हे जोडप्याने सिद्ध करायचं. भारतीय उपखंडातल्या नवऱ्यांना त्याचा मोठा फटका बसला. आपल्या मनात एखादी गोष्ट नाही, हे कुणी कसं सिद्ध करणार? १९९७मध्ये तो नियम गेला.

आधी शरीर तपासलं, मग मन, आता बँकेचं खातं. या क्रमाकडे पाहिलं तर खातं सगळ्यांत सभ्य वाटतं. ते कुणाच्या मनात डोकावत नाही. आकडा आहे की नाही एवढंच बघतं. सरकारची बाजूही पोकळ नाही. बाहेरून येणाऱ्या जोडीदाराचा भार इतर करदात्यांवर पडू नये, ज्याने आणलं त्याने सांभाळावं. १८,६०० हा आकडासुद्धा हवेतला नव्हता. एवढी मिळकत असलेल्या जोडप्याला मिळकतीवर अवलंबून असलेले सरकारी भत्ते लागत नाहीत, असा तो हिशोब होता. २०१७च्या फेब्रुवारीत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नियमाने अनेकांचे हाल होतात, पण तो मुळात बेकायदा नाही. मुलांच्या हिताचा पुरेसा विचार मात्र त्यात झालेला नाही. त्यानंतर अपवादात्मक परिस्थितीत इतर मार्गाने येणारा पैसाही विचारात घेण्याची सोय झाली.

आणि खरं सांगायचं तर हा प्रश्न आपणही विचारतोच. कांदेपोह्यांच्या वेळी बाबांनी माझ्या नवऱ्याला पगार विचारला होता. मी तेव्हा आत चिडले होते. पण बाबांचा प्रश्न आणि सरकारचा प्रश्न यांत फरक आहे. बाबांनी लग्नाआधी विचारलं, एकदाच. उत्तर कमी आलं असतं तर त्यांनी मुलाकडे पाहून नियम वाकवला असता. सरकार लग्नानंतर विचारतं, पुन्हा पुन्हा विचारतं, आणि ज्या महिन्यांत माणूस पडलेला असेल नेमक्या त्या महिन्यांत विचारलं गेलं तर त्याचं आधीचं सगळं आयुष्य बाजूला राहतं.

मायकल वॉल्झर या अमेरिकन विचारवंताचं १९८३चं 'स्फिअर्स ऑफ जस्टिस' हे पुस्तक इथे मला उपयोगी पडतं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आयुष्यातल्या निरनिराळ्या गोष्टी वाटायचे निकष निरनिराळे असतात. पैशाने गाडी घेता यावी. मत, न्याय, नातं घेता येऊ नये. एका क्षेत्रातली ताकद दुसऱ्या क्षेत्रात चालू लागली की तिथे जुलूम सुरू होतो. हाच वॉल्झर असंही मानतो की कुणाला आत घ्यायचं हे ठरवण्याचा हक्क समाजाला असतो. मलाही ते मान्य आहे. पण त्याच्याच लेखी आत असलेल्यांच्या नातेवाइकांचा दावा परक्यांपेक्षा वेगळा असतो. इथे तर दावा निम्मा माझा आणि निम्मा एका नागरिकाचा आहे. माझा नवरा बँकेत मोठी नोकरी करत असता तर त्याला बायकोबरोबर राहण्याचा जेवढा हक्क असता, तेवढा गोदामात खोकी उचलताना राहत नाही. मतदानाचा हक्क पगारावर ठरला असता तर आपल्याला ते लगेच खटकलं असतं.

म्हणून माझ्या मते नियम अन्यायाचा आहे. पूर्ण निर्दय नाही, हेही सांगायला हवं. मुलगी ब्रिटिश नागरिक असल्यामुळे आकडा कमी पडला असता तरी मला लगेच विमानात बसवलं नसतं. बहुधा पाच वर्षांची वाट दहा वर्षांची झाली असती. म्हणजे जास्त अर्ज, जास्त फी, आणि दर वेळी आरोग्य सेवेचा वर्षाला १,०३५ पौंडांचा अधिभार. अडीच वर्षांचे झाले अडीच हजारांहून जास्त. ज्यांच्याकडे पैसे कमी म्हणून लांबच्या वाटेला लागले, त्यांच्याकडूनच जास्त घ्यायचे.

तरीही मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर यातून मिळत नव्हतं. नियम अन्यायाचा असला तरी त्या कागदावर सही मी करणार नव्हते. बाबा करणार होते. छत्तीस वर्षं मुलांच्या दाखल्यांवर सह्या केलेला माणूस. शेवटी मी फोन केला आणि सरळ विचारलं, "बाबा, समजा आम्ही खरंच परत नाही दिले, तर चालेल?"

पलीकडून जरा वेळ काहीच आलं नाही. मग ते म्हणाले, "आईच्या गुडघ्यांचं तेवढं बघावं लागेल."

तेव्हा मला कळलं. ते पैसे उसने होते.

आम्ही नाही घेतले. यात मोठेपणा सांगण्यासारखं काही नाही, कारण किंमत मी मोजली नाही. नवऱ्याने प्रत्येक शिफ्टवर बोट ठेवायला सुरुवात केली. रात्रीची, रविवारची, दुसऱ्या कुणी सोडलेली. जेवताना फोन ताटाशेजारी. सहा महिने आम्ही एका घरात होतो, पण तो यायचा तेव्हा आम्ही झोपलेलो आणि आम्ही उठायचो तेव्हा तो झोपलेला. मुलगी पहिल्यांदा पालथी पडली ते त्याने गोदामाच्या जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओवर पाहिलं. एकत्र राहण्याची परवानगी मिळवायला आम्हाला अर्धं वर्ष वेगळं राहावं लागलं. ऑक्टोबरअखेर सरासरी भरली एकतीस तास. आकडा जुळला.

एका रात्री तो अंगदुखीच्या गोळ्या शोधत होता तेव्हा मनात आलं, की मी खरं बोलले आणि बिल याच्या पाठीला आलं. बाबांच्या एका सहीने हे सगळं टळलं असतं, आणि कुणाचं काय बिघडलं असतं? आजही याचं उत्तर मी छातीठोकपणे देऊ शकत नाही. एवढं मात्र माहीत आहे की मला खरं बोलणं परवडलं, कारण शिफ्ट मिळत गेल्या. ज्याला मिळाल्या नाहीत आणि ज्याच्या वडिलांनी कागदावर 'बक्षीस' लिहिलं, त्याच्याकडे बोट दाखवायची माझी हिंमत नाही. खरं बोलायला पैसे लागावेत अशी अवस्था ज्या नियमाने आणली, त्यानेही या खोटेपणातला आपला वाटा उचलावा.

दोन महिन्यांनी ईमेल आला. आता कार्डही देत नाहीत, व्हिसा फोनवरच दिसतो. मी स्क्रीनशॉट बाबांना पाठवला. त्यांचा लगेच फोन.

"आता पुन्हा कधी?"

"अडीच वर्षांनी."

"तेव्हाही पैसे दाखवायचे?"

"हो."

ते जरा थांबले. मग म्हणाले, "तोवर आईचे गुडघे झालेले असतील. तेव्हा बक्षीस लिहिता येईल."