डोंगर कोपत नाही



तुमच्या घरात जाते असेल, पाटा-वरवंटा असेल. आजीच्या काळापासून चालत आलेला तो काळा दगड रोज हाताखालून जातो. पण तो मुळात काय होता, याचा विचार आपण केला आहे काय? तो दगड एके काळी वाहत होता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या दख्खनच्या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि पृथ्वीच्या पोटातील वितळलेला खडक, म्हणजे लाव्हा, बाहेर आला. एक थर थिजला की त्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश या थरांनी व्यापलेला आहे. सह्याद्रीचे कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते यामुळेच. हाच खडक झिजून आपली काळी कापसाची जमीन झाली. ज्या जमिनीवर आपल्या वाडवडिलांनी दुसऱ्यासाठी घाम गाळला, ती कोणा देवाने कोणाला दान केलेली नव्हती. ती निसर्गाच्या नियमाने झाली.

आणि याच खडकात दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूसंघासाठी भाजे, कार्ले, अजिंठा येथील लेणी कोरली गेली. आगीचा दगड झाला, दगडाची माती झाली, त्याच दगडात विहार झाला. सर्व संस्कार अनित्य आहेत, हे तथागतांचे वचन पटवून घ्यायला याहून मोठा पुरावा कोणता हवा?

आता 'ज्वालामुखी' हा शब्दच पाहा. हे नाव हिमाचल प्रदेशातील कांगडा जिल्ह्यातील एका देवीचे आहे. तेथे खडकाच्या फटींतून ज्योती निघतात म्हणून लोक हात जोडतात. वास्तविक तेथे ज्वालामुखी नाही. जमिनीतून येणारा नैसर्गिक वायू तेथे जळतो. ज्याचे कारण ठाऊक नाही त्याला माणूस देव म्हणतो आणि त्या देवाच्या भयाने वाकतो. भयाच्या या पायावर पुरोहितांचे घर उभे राहते.

खरा ज्वालामुखी कसा घडतो? जमिनीखाली खोलवर वितळलेला खडक असतो. त्यात वाफ आणि इतर वायू विरघळलेले असतात. तो वर येऊ लागला की दाब कमी होतो आणि वायू मोकळा होतो, जसे सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यावर होते. रस पातळ असेल तर लाव्हा वाहतो. रस घट्ट असेल तर वायू कोंडतो आणि डोंगर फुटतो. हे असले तर ते होते. हे नसले तर ते होत नाही. यालाच आपल्या धम्मात प्रतीत्यसमुत्पाद म्हणतात. येथे कोणाच्या रागाला जागा नाही.

तुम्ही म्हणाल, हे शाळेतल्या मुलांनी शिकावे, आम्हा कष्टकऱ्यांना याचा काय उपयोग? उपयोग जीव वाचवण्याचा आहे. दोन घटना सांगतो.

दक्षिण अमेरिकेत कोलंबिया नावाचा देश आहे. तेथे नेवादो देल रुईझ हा बर्फाने झाकलेला ज्वालामुखी आहे. १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री त्याचा स्फोट झाला. स्फोट फार मोठा नव्हता. पण तप्त राखेने डोंगरावरचे बर्फ वितळले, आणि राख, माती, दगड घेऊन चिखलाचा लोट नदीच्या खोऱ्यातून धावत सुटला. सुमारे अडीच तासांनी तो आर्मेरो या गावावर आला. गाव झोपेत होते. एकंदर सुमारे २३ हजार माणसे गेली. त्याच खोऱ्यातून १५९५ आणि १८४५ साली असेच लोट आले होते. गाव ज्या जमिनीवर वसले होते ती जमीनच जुन्या लोटाची होती. शास्त्रज्ञांनी महिनाभर आधी धोक्याचा नकाशा तयार केला होता आणि त्यात आर्मेरो होते. दुपारपासून राख पडत होती, तरी लोकांना शांत राहा, घरातच थांबा असे सांगण्यात आले. अडीच तास हाताशी होते. उंच जागा चालत जाण्याइतकी जवळ होती. मग या माणसांना कोणी मारले? डोंगराने की बेफिकिरीने?

दुसरी घटना फिलिपिन्समधली. पिनातुबो हा डोंगर सुमारे पाचशे वर्षे निद्रिस्त होता. २ एप्रिल १९९१ रोजी त्यातून वाफेचे स्फोट झाले. डोंगरावर राहणाऱ्या आएटा या आदिवासींनी ते पाहिले आणि ही बातमी शास्त्रज्ञांपर्यंत गेली. शास्त्रज्ञांनी डोंगरावर भूकंपमापक बसवले, धोक्याच्या पाच पायऱ्या ठरवल्या आणि ज्वालामुखी काय करू शकतो याची फिल्म अधिकाऱ्यांना व लोकांना दाखवली. हजारो लोकांना वेळेवर हलवले गेले. १५ जून १९९१ रोजी डोंगर फुटला. विसाव्या शतकातील सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी तो एक. त्याच दिवशी तेथे वादळ आले. भिजून जड झालेल्या राखेने छपरे कोसळली आणि शेकडो माणसे दगावली. तरी या पूर्वसूचनेमुळे किमान ५ हजार जीव वाचले, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. आर्मेरोपेक्षा कितीतरी मोठा स्फोट, आणि मृत्यू कितीतरी कमी! फरक नवसाने पडला नाही. फरक जाणून घेण्याने आणि जाणले त्याप्रमाणे वागण्याने पडला.

पण गोष्ट येथे संपत नाही. डोंगरापासून वाचलेले आएटा लोक छावण्यांत दाटीने राहिले, आणि तेथे त्यांची शेकडो माणसे रोगराईने गेली. त्यांत लहान मुले फार होती. त्या रोगांत गोवर प्रमुख होता. बहुतेक मुलांना लस टोचलेली नव्हती. आगीतून वाचलेली मुले गोवराने गेली, हे वाचून तुमचे काळीज हलत नाही काय? आणि जे समाजाच्या कडेला राहतात त्यांच्याच घरात मरण पहिले का शिरते, हे आपल्याला कोणी वेगळे शिकवायला नको.

आता माझे तुम्हाला थेट विचारणे आहे. आपण धम्मदीक्षा घेतली. भिंतीवरच्या तसबिरी बदलल्या. पण मुलाच्या अंगावर पुरळ उठले, अंग तापले, की 'माय आली' म्हणून कोपऱ्यात लिंब ठेवणारे, मरीआईचा नैवेद्य काढणारे घर आपल्या वस्तीत आजही नाही काय? डोंगर कोपतो म्हणणारा आणि देवी कोपली म्हणणारा, दोघेही एकाच अंधारात बसले आहेत. गोवराला कारण आहे, म्हणून उपायही आहे. मूल नऊ महिन्यांचे झाले की गोवराची लस द्यायची, आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरी. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते.

तथागतांनी दुःख आहे एवढेच सांगितले नाही. दुःखाला कारण आहे, त्याचा निरोध आहे आणि तेथे नेणारा मार्ग आहे, असे सांगितले. चार आर्यसत्ये बुद्धवंदनेपुरती नाहीत. ती घरात, शेतात, मुलाच्या अंथरुणाजवळ वापरायची आहेत. संकट आले तर विचारा: याचे कारण काय? कोणाला ठाऊक आहे? मी आज काय करू शकतो? हे तीन प्रश्न विचारणारे घर खऱ्या अर्थाने बौद्ध घर होय.

येत्या रविवारी विहारात याल तेव्हा मायबहिणींनी मुलांचे लसीचे कार्ड बरोबर आणावे. वस्तीतल्या शिकलेल्या तरुणांनी ती तपासावीत, कोणाची लस राहिली त्याची यादी करावी, आणि सोमवारी त्या मुलांना दवाखान्यात घेऊन जावे. वंदनेइतकेच तेही धम्माचे काम आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!