स्वतःला हडळ म्हणवून घेणारी संत

कावेरीच्या फाट्यांपैकी अरसलार ही नदी कारैक्कालला समुद्राला मिळते. सहाव्या शतकाच्या सुमारास तिथल्या एका व्यापाऱ्याच्या घरी पुनीतवती नावाची मुलगी होती. तिची कथा बाराव्या शतकात सेक्किळार यांनी ‘पेरियपुराण’ या शिवभक्तांच्या चरित्रग्रंथात सांगितली. नवऱ्याने घरी पाठवलेल्या दोन आंब्यांपैकी एक तिने दारी आलेल्या शिवभक्ताला वाढला. जेवताना नवऱ्याने उरलेला आंबा खाऊन दुसराही मागितला, तेव्हा तिने शिवाचा धावा केला आणि तिच्या हातात नवा आंबा आला. नवरा भ्याला, परमुलखात गेला, त्याने दुसरे लग्न केले. पुढे ती समोर आली तेव्हा देवी समजून तिच्या पाया पडला. ज्याच्यासाठी हे रूप बाळगले त्यालाच ते नको असेल, तर ते काढून घ्यावे, एवढेच मग तिने शिवाकडे मागितले. उरल्या त्या शिरा, हाडे, सुकून ओघळलेले स्तन आणि खोल गेलेले डोळे. लोक तिला पाहून पळत. शिवाने मात्र तिला आई म्हणून हाक मारली. तमिळमध्ये हडळीला, पिशाचाला ‘पेय्’ म्हणतात. या बाईने आपल्या पदांच्या अखेरीस जी नाममुद्रा घातली ती ‘कारैक्कालची पेय्’ अशी आहे. वंश, वर्ण आणि जात यांच्या नावाने बाईच्या शरीराविषयी जे ठोकताळे आपल्याकडे रुजले आहेत, त्यांच्यासमोर ही नाममुद्रा ठेवून पाहायला हवी. स्वतःचे शरीर स्वीकारणे म्हणजे नेमके काय करणे, या प्रश्नाचे एक अवघड उत्तर तिच्यात आहे.

या ठोकताळ्यांना शास्त्राचा पोशाख चढला तो इंग्रजी अमलात. १९०१च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांचा सिद्धान्त असा, की नाक जितके रुंद तितकी जात खालची. एडगर थर्स्टन १८८५पासून मद्रासच्या संग्रहालयाचे प्रमुख होते. मापे घेण्याची उपकरणे घेऊन ते दक्षिणेतल्या माणसांची नाके आणि डोकी मोजत हिंडले आणि १९०९मध्ये त्यांचे जातिजमातींवरचे सात खंड निघाले. ‘आर्य’ आणि ‘द्रविड’ हे अभ्यासात भाषाकुलांसाठी वापरायचे शब्द. ते कातडीवर आणि नाकावर येऊन बसले ते असे. शरीर मोजून वंश ठरवण्याच्या या विद्येला तिच्याच घरात जाऊन तपासणारी एक मराठी बाई होती. इरावती कर्वे १९२८च्या सुमारास बर्लिनला ऑयगन फिशर यांच्या हाताखाली शिकायला गेल्या. युरोपीय माणसाच्या कवटीची घडण त्याची बुद्धी श्रेष्ठ असल्याचे दाखवते, ही गुरूंची अटकळ. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, तसा काही वांशिक फरक त्यांना आढळला नाही, आणि तसे त्यांनी प्रबंधात लिहिले. पुढे महाराष्ट्रात त्यांनी स्वतःही लोकांची शरीरमापे घेतली, हे लपवण्याचे कारण नाही. पण मोजमाप प्रामाणिक असेल तर ते मोजणाऱ्याच्या अहंकाराची बाजू घेत नाही, हे त्यांनी त्या प्रयोगशाळेत बसून दाखवले. इंग्रजांच्या फार आधीही बायकांच्या नोंदी होत असत. तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर १०१४च्या सुमाराचा एक लेख आहे. चोळ राजा राजराजाने मंदिरसेवेसाठी आणलेल्या चारशे बायकांची त्यात यादी आहे: नाव, ती कोणत्या मंदिरातून आली, कोणत्या रांगेत तिचे कितवे घर, आणि दरसाल शंभर कलम (धान्याचे एक माप) भाताचा वाटा. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची गरज नाही. तरी त्या भिंतीवर मोजले आहे ते भात. बाईचा रंग किंवा नाक यांचा तिथे उल्लेखही नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की गोऱ्या रंगाची ओढ इंग्रजांनी आणलेली नाही, ती फार जुनी आहे. ती जुनी आहे हे मान्य. पण ती सार्वत्रिक आणि स्वाभाविक होती, हे मान्य करता येत नाही. प्राचीन तमिळ संघम काव्यात नायिकेच्या रंगाला ‘मामै’ म्हणतात. तो आंब्याच्या कोवळ्या पालवीचा रंग, तांबूस सावळा. प्रियकर दूर गेला की हा रंग जातो आणि अंगावर एक पिवळट फिकेपण पसरते, त्याला ‘पसलै’ असे नाव. म्हणजे याच भाषेत एके काळी फिकट होणे हे दुखण्याचे लक्षण होते आणि सावळेपण निरोगीपणाचे. आवड बदलली ती कशामुळे, याचे उत्तर भाताच्या खाचरात मिळते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात भाताची लावणी पिढ्यान्‌पिढ्या बायका करत आल्या, आणि त्यांतल्या बहुतेक दलित व भूमिहीन घरांतल्या. जिला उन्हात ओणवे व्हावे लागत नाही तिचा रंग उजळ राहतो. त्यामुळे उजळ रंग हा जमीन आणि फुरसत यांचा दाखला ठरला. समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेतेय यांनी तंजावर जिल्ह्यातल्या एका गावाचा अभ्यास १९६५मध्ये प्रसिद्ध केला. रंगावरून जात ओळखता येते हा गावकऱ्यांचा समज त्यांनी नोंदवला आहे. काळा ब्राह्मण आणि गोरा परैयर (दलित) यांच्यापासून जपून राहावे, अशा अर्थाच्या म्हणी त्या भागात होत्या. ज्या म्हणीला अपवादाची भीती घालावी लागते, ती स्वतःच कबूल करते की अपवाद गल्लोगल्ली आहेत. शरीरशास्त्राचे म्हणणे तर साधे आहे. तंजावर विषुववृत्तापासून जेमतेम अकरा अंशांवर आहे. प्रखर उन्हात मेलॅनिन रक्तातल्या फोलेटचे रक्षण करते, आणि ते गर्भाच्या वाढीला लागते. ज्या रंगापायी मुलीला नाकारले जाते, तो तिच्या आयाआज्यांची बाळंतपणे सांभाळत आला आहे.

दुसरा आक्षेप श्रद्धेच्या बाजूने येतो आणि मराठी माणसाला तो जवळचा वाटेल. आमचा विठ्ठल सावळा, द्रौपदीचे नावच कृष्णा, आणि तमिळ गावांत तीच द्रौपदी अम्मन म्हणून पुजली जाते. मग आमच्या धर्मात रंगभेद कसा असेल? डागाळलेल्या कातडीलाही भक्तीत जागा आहे: तंजावरच्या भोसल्यांनी पुन्नैनल्लूरच्या मारिअम्मनचे देऊळ वाढवले. ती देवीच्या रोगाची, अंगावर फोड उठवणारी देवता. तिची मूळ मूर्ती वारुळाच्या मातीची, म्हणून तिला पाण्याचा अभिषेकही होत नाही. भक्ती खोटी आहे असे कोणी म्हणणार नाही. पण देवाला सूट देऊन माणसाला नियम लावण्याची सोय भक्तीतही असते. सावळ्या विठ्ठलाच्या पायावर डोके ठेवून आलेला बाप मुलासाठी ‘गोरी, सडपातळ’ वधू हवी अशी जाहिरात देतो, आणि त्यात काही विसंगत आहे असे त्याला वाटत नाही. १९७५मध्ये बाजारात आलेल्या फेअर अँड लव्हली या मलमाच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द २०२०मध्ये गेला. देवघरे मात्र त्याआधी शेकडो वर्षे सावळ्या मूर्तींनी भरलेली होती.

मग मुलीने काय करावे? २००९मध्ये चेन्नईतून ‘डार्क इज ब्यूटिफुल’ ही मोहीम सुरू झाली, आणि ती गरजेची होती. लहानपणापासून ‘काळी’ ही शिवी ऐकणाऱ्या मुलीला कोणी तरी तू सुंदर आहेस असे म्हणणे ही दया नव्हे, तो न्याय आहे. पण या वाक्याची एक मर्यादा दिसते. परीक्षा तीच राहते, परीक्षकही तेच राहतात, फक्त उत्तीर्ण होणाऱ्यांची यादी लांबते. आणि उद्या जाडी, उंची, नाक, केस, वय यांपैकी एखाद्या विषयात पुन्हा नापास होण्याची भीती शिल्लक राहते. कारैक्कालच्या बाईने परीक्षेलाच बसायचे नाकारले. जग ज्या शब्दाने तिला हिणवून पळाले असते, तोच तिने नाव म्हणून घेतला.

इथे सर्वांत खरा आक्षेप येतो. हा तर देहाचा तिरस्कार झाला. सुटका हवी तर बाईने आपले बाईपण जाळून टाकावे, असे ही कथा शिकवत नाही का? कथेची एक बाजू तशी आहे, आणि पुरुषाने लिहिलेल्या पुराणात ती असणारच. पण चोळकाळातल्या कारागिरांनी ही कथा कशी वाचली ते पाहावे. ज्या निगुतीने त्यांनी पार्वतीचा कमनीय बांधा ओतला, त्याच निगुतीने या बाईच्या फासळ्या आणि सुकलेले स्तन ब्राँझमध्ये ओतले, हातात टाळ दिले, आणि चेहऱ्यावर निखळ आनंद ठेवला. गंगैकोंडचोळपुरम्‌च्या भिंतीवर नटराज नाचतो आहे आणि त्याच्या पायाशी ती बसली आहे. शरीर तिने टाकलेले नाही. त्याच शरीराने ती गाते, ताल धरते, पाहते. बदल एवढाच, की तिच्याकडे कोणी पाहावे म्हणून ते आता नाही. ते तिने स्वतः पाहावे म्हणून आहे.

राहिला तो व्यवहार. मन्नार्गुडीच्या किंवा मिरजेच्या मुलीला संत व्हायचे नसते. तिला शिकायचे, नोकरी करायची, कदाचित संसार करायचा असतो, आणि स्थळ बघायला आलेली माणसे शिवासारखी आई म्हणून हाक मारत नाहीत. म्हणूनच आत्मस्वीकाराचा सगळा भार एकट्या मुलीवर टाकणे हा तिच्यावर दुसरा अन्याय आहे. कथेतही पुनीतवतीने स्वतःला स्वीकारले तेवढ्याने काम झाले नाही. कोणी तरी तिला योग्य नावाने हाक मारावी लागली. ती हाक मारण्याचे काम आईबापांचे, शिक्षकांचे, जाहिरात लिहिणाऱ्यांचे आणि स्थळ सुचवणाऱ्या मावश्या-आत्यांचे आहे. ‘रंग जरा सावळा आहे, पण’ या वाक्यातला ‘पण’ त्यांनी आजपासून गाळावा.

कारैक्कालला दरवर्षी आनी या तमिळ महिन्यात आंब्यांचा उत्सव होतो. भिक्षा मागत फिरणाऱ्या रूपातल्या, भिक्षाटन शिवाची मिरवणूक निघते आणि लोक गच्च्यांवरून आंबे उधळतात, ते झेलायला खाली गर्दी असते. तमिळ देशातल्या शिवमंदिरांत त्रेसष्ट नायनारांच्या, म्हणजे शिवभक्त संतांच्या, मूर्ती एका रांगेत मांडलेल्या असतात. बाकीचे उभे असतात. ही बाई बसलेली असते.